डोळ्यातले थेंब आणि चौतीस ठोके

सगळ्यात आधी सांगून टाकते, म्हणजे माझ्या पोटात राहणार नाही. मी डॉक्टरणीशी खोटं बोलले. स्ट्रेचरवर आडवी पडलेली, नाडी मिनिटाला चौतीस, अंगभर थंडगार घाम, आणि तिनं सरळ विचारलं, "काकू, काचबिंदू आहे का तुम्हाले?" मी म्हटलं, "नाही." वरून मानही अशी झटकली, जसा काही तिनं माझ्यावर चोरीचा आळ घेतला.

काचबिंदू होता. दोन्ही डोळ्यांत. तीन वर्षांपासून.

हे सगळं मी बोलते आहे आणि माझी सून रश्मी लिहून घेते आहे. ती शाळेत मराठी शिकवते, म्हणून माझी भाषा तिनं धुऊन वाळवून घेतली. मी "मले" म्हटलं की ती "मला" लिहिते. पण कोण काय बोललं ते जसंच्या तसं ठेव, असं मी तिला बजावलं आहे. नाही तर आमची माणसं ओळखू कशी येतील? आणि मला हे घाईघाईनं सांगायचं आहे, कारण त्या वॉर्डात माझ्यासारख्या झाकून ठेवणाऱ्या बाया मी आणखी दोन पाहिल्या.

लपवलं काहून

मी पुष्पा. वय एकसष्ट. राहते सक्करदऱ्यात. माहेर उमरेडचं, कोष्ट्याचं घर. वडिलांचा हातमाग होता. माग गेला, भाऊ नोकऱ्यांना लागले, पण माझ्या बोटांत रफू राहून गेलं. साडी फाटली की तिच्याच आतल्या बाजूनं, जिथं कोणाची नजर जात नाही तिथून, तिचेच धागे काढायचे. मग फाटल्या जागी एक उभा, एक आडवा, असे ते परत विणायचे. ठिगळ लावायचं नाही. कापडच पुन्हा करायचं.

इतवारीतल्या एका साडीच्या दुकानाचं हे काम मी बावीस वर्षं करते आहे. मालक मोहनसेठ. कोणाच्या शालूला उंदीर लागला, कोणाचा पदर पिनेनं फाटला, की सेठ ती साडी माझ्याकडे पाठवतात. आता तुम्हीच सांगा, रफूवाल्या बाईला काचबिंदू आहे हे बाजारात कळलं, तर कोण आपल्या लग्नातला शालू तिच्या हातात देईल? मी तर नसता दिला बापा.

एका मंगल कार्यालयात डोळे तपासायचं शिबिर होतं, तिथं मला हे कळलं. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांतला दाब वाढला आहे, सकाळ-संध्याकाळ एकेक थेंब टाकायचा, जन्मभर. टाकला की डोळ्याचा नाकाकडचा कोपरा दोन मिनिटं बोटानं दाबून धरायचा. मी हो हो केलं आणि घरी येऊन एक शब्द बोलले नाही. आमच्या ह्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. ह्यांना सांगायचं म्हणजे गल्लीत भोंगा लावायचा. थेंबसुद्धा मी आमच्या भागातून घेतले नाहीत. स्कूटी काढायची आणि थेट प्रताप नगरात जायचं, तिथं मला ओळखणारं कुत्रंही नव्हतं. बाटली ठेवायची सुयांच्या डब्यात, रिळांच्या खाली.

वर माझी अक्कल बघा. काम बारीक आलं की मी एक थेंब जास्त टाकायचे. थेंब टाकला की जास्त साफ दिसतं असं मीच ठरवून टाकलं होतं. जरीचं काम असलं की दुपारी एक, चहाच्या वेळेला आणखी एक. कोपरा दाबत बसायला वेळ कोणाला आहे? थेंब टाकल्यावर घशात कडू लागायचं, मला वाटायचं औषध चढून राहिलं. लग्नसराईत तर दिवसाला सहा-सात वेळा व्हायचं. डोळ्यातला एवढुसा थेंब, तो काय करणार आहे! औषध म्हणजे जे गिळतात ते, असा माझा हिशेब.

सेठच्या गादीवर

महिनाभर मला थकवा होता. जिना चढले की डोळ्यांपुढे काळे ठिपके यायचे. मी म्हटलं, वय झालं, ऊन वाढलं, रात्री जेवले नाही. कारणं काय, पायलीभर सापडतात.

त्या दिवशी सकाळी मी एक जांभळा शालू घेऊन दुकानात गेले. पांढऱ्या गादीवर तो पसरला, सेठना म्हटलं, "हे पाहा," आणि ती पांढरी गादी हळूहळू राखाडी झाली. कान बंद झाले. सेठचं तोंड हलत होतं, आवाज येत नव्हता. पुढचं मला आठवत नाही. शालूवरच तोंडघशी पडले म्हणे.

जाग आली ती सेठच्या गाडीत, मागच्या सीटवर. सेठ स्वतः गाडी चालवत होते आणि मोठमोठ्यानं बोलत होते, "पुष्पाताई, झोपू नका, आवाज द्या मले!" त्यांनीच दवाखान्यात नेलं, त्यांनीच आत ढकललं आणि स्ट्रेचरच्या उशाशी उभे राहिले. माझी पर्स त्यांच्या खांद्याला. हे मी मुद्दाम सांगते, कारण सगळी भानगड इथंच झाली.

एका मिनिटात

डॉक्टर अमृता म्हणजे वेणी बांधलेली, पायांत फ्लोटर घातलेली पोरगी. बाहेरगावी नोकरीला असलेल्या माझ्या मुलापेक्षा लहान. तिनं छातीला, हातापायांना ते चिमटे लावले, कागद बाहेर आला, तिनं पाहिला आणि तिचा आवाजच बदलला.

"काकू, तुमचे ठोके चौतीस आहेत. बीपीची गोळी चालू आहे? हृदयाची? कोणतंही औषध?"

"एकही गोळी नाही," मी म्हटलं. ते तर खरंच होतं!

"लघवीला अडचण? काकू, काचबिंदू आहे का तुम्हाले? एक इंजेक्शन द्यायचं आहे, त्याच्याआधी हे विचारावंच लागते."

मी वर पाहिलं. सेठ माझ्याचकडे बघत होते. बावीस वर्षं ज्या माणसाच्या दुकानातून माझ्या घरात काम आलं, तो पर्स धरून उभा. जीव गेला तर एकदाच जाईल, काम गेलं तर रोज बसून पाहावं लागेल, असं माझ्या डोक्यात आलं. खरंच आलं. आता लाज वाटते सांगायला.

"नाही," मी म्हटलं.

"सिस्टर, ॲट्रोपिन!"

हाताच्या सुईतून ते औषध आत गेलं. थोडंसं पाण्यासारखं. मी मनात म्हटलं, एवढ्यानं काय होणार. आणि एका मिनिटात, अहो एका मिनिटात, छातीत काहीतरी दणक्यात सुरू झालं! गाल तापले, कान तापले, तोंड असं कोरडं की जीभ टाळूला चिकटली. डोक्याजवळच्या यंत्रावर आकडे पळायला लागले. एक्केचाळीस. अठ्ठावन्न. शहात्तर. अमृता डॉक्टर मोठ्यानं वाचत होती आणि सिस्टर म्हणाली, "आली वं बाई गाडी रुळावर!"

मला तर उठून नाचावंसं वाटत होतं. महिनाभर मेल्यासारखी फिरत होते मी, आणि अचानक सगळा उजेड परत आला. हातापायांत गरम रक्त फिरतंय हे समजत होतं. तोंडात थुंकी नव्हती तरी मी बडबडायला लागले. सेठना म्हटलं, "पर्स शोभून राहिली बरं तुम्हाले."

सेठ हसले आणि तोंड फिरवून डोळे पुसले. तेवढ्यात आमचे हे आणि रश्मी धावत आले. रश्मीच्या हातात खडू तसाच होता.

वॉर्डातले दिवस

मला वर ठेवलं, छातीला तारा लावून. तिथला दिवस लवकर सुरू व्हायचा. आधी फिनाइलचा वास, मग ताप बघायला सिस्टर, मग कपभर फिका चहा, मग रक्त काढणारा मुलगा, तो रोज म्हणायचा, "मुंगी चावल्यासारखं होईल." मुंगी म्हणे! त्याला एकदा चावून दाखवावं असं वाटायचं.

दिवसाची सिस्टर होती मंगला. कुहीची. बोलण्यात गोड आणि हातानं पक्की. मी तिला विचारलं, "हे काय औषध आहे वं, माणसाले उभं करते?"

"मावशी, हृदयाले हळू चाल, हळू चाल म्हणणारी एक नस असते," ती म्हणाली. "हे औषध तिचं तोंड बंद करते. आमच्या कुहीकडे फवारणी करताना विष चढलेला माणूस आला, की हेच देतात. तुम्हाले दिलं त्याच्या कितीतरी पट, घंटोनघंटे. पण ते डॉक्टर समोर बसून देतात. हे औषध खेळायचं नाही. जास्त झालं की ठोके सुसाट पळतात, म्हातारी माणसं भलतंसलतं बोलतात, लघवी अडकते. म्हणून मोजून द्यायचं अन् मशीनकडे पाहत बसायचं."

लघवी अडकते ते मी स्वतः अनुभवलं. पोट फुगलं आणि काही केल्या होईना. शेवटी मंगलानं तारा काढून मला बाथरूममध्ये नेलं, नळ चालू करून ठेवला, पोटावर गरम पाण्याची पिशवी धरली आणि म्हणाली, "घाई नोको करू मावशी, मी हाय इथंच." बाहेर चार बाया ताटकळत होत्या आणि ती मला म्हणते घाई करू नको. त्या माउलीला मी विसरणार नाही.

आता माझा दुसरा पराक्रम ऐका. रश्मी पर्स घरी न्यायला निघाली, तर मी ती घट्ट धरून ठेवली. आत सुयांचा डबा होता ना! संध्याकाळी चेहरा पुसायचं निमित्त करून मी पदराआड दोन्ही डोळ्यांत थेंब टाकले. डॉक्टरांनी म्हटलं होतं, जन्मभर चुकवायचा नाही. मी कशी चुकवीन? रात्री निजण्याआधी एक, सकाळी एक, दहाच्या सुमारास आणखी एक.

आणि ठोके परत खाली! अडतीस. छत्तीस. पुन्हा इंजेक्शन, पुन्हा ऐंशी, पुन्हा काही तासांनी खाली. अमृता डॉक्टर कागद उलटेपालटे करून पाहायची. रक्तात दोष नाही, हृदयाची सोनोग्राफी चांगली. मोठे डॉक्टर आले, त्यांनी डोकं खाजवलं. दुपारी ह्यांना बाहेर बोलावून सांगितलं, "असंच चाललं तर उद्या सकाळी पेसमेकर बसवू. इंजेक्शनवर माणूस किती दिवस ठेवणार?"

हे आत आले तेव्हा तोंड उतरलेलं. म्हणाले, "कातडीखाली मशीन बसवतात म्हणे. तू घाबरू नोको." आणि माझ्या उशाचं पाणी स्वतःच पिऊन टाकलं.

सुई दिसेना

मला पेसमेकरची भीती नव्हती वाटत. मला दुसरीच भीती खात होती. दुपारच्या इंजेक्शननंतर जवळचं सगळं पुसट झालं होतं. बोटांच्या रेषा दिसेनात. कोणी बघत नाही असं पाहून मी डब्यातून सुई काढली, उजेडाकडे धरली आणि धागा पुढे केला. सुईचं नेढं दिसेना. एकदा, दोनदा, पाचदा. सुई बोटांत होती, टोचत होती, पण दिसत नव्हती.

अमृता डॉक्टरनं विचारलं होतं! ह्याच इंजेक्शनच्या आधी विचारलं होतं! मी खोटं बोलले आणि आता हे औषध माझे डोळे घेऊन चाललं. ज्या कामासाठी खोटं बोलले, तेच काम मी स्वतःच्या हातानं मारलं. मी उशीत तोंड खुपसून रडले. आजारपणात तेवढं एकदाच रडले.

चार वाजता भेटायची वेळ. हे, रश्मी, आणि सेठही आले, नारळपाणी घेऊन. त्याच वेळी अमृता डॉक्टर आली, पेसमेकरच्या संमतीचा कागद घेऊन. ह्यांनी खिशातून पेन काढलं.

"थांबा," मी म्हटलं. "सही नोका करू."

सगळे थांबले. सेठही होते समोर. मला वाटलं, त्यांना बाहेर जा म्हणावं. मग वाटलं, कशाला? लपवून लपवून तर इथवर आले. मी डबा उघडला, रिळं चादरीवर ओतली आणि बाटली काढली.

"मले काचबिंदू हाय," मी म्हटलं. "तीन वर्षं झाले. हे थेंब टाकतो मी. इथंही टाकले. माहे डोळे गेले डॉक्टर, मले सुई दिसत नाही."

डॉक्टरणीची धावपळ

मला वाटलं आता ओरडते. तिनं बाटली हातातून ओढली, डोळ्याजवळ नेली, वाचली, आणि तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू!

"काकू! दिवसातून किती वेळा टाकता?"

"सहा. कधी सात."

"सात वेळा!" तिनं कपाळावर हात मारला. "काकू, हेच तर! हेच शोधून राहिलो आम्ही दोन दिवसांपासून!" आणि ती पळत सुटली. वॉर्डात पळायचं नसतं, ती फटाफट पळत गेली आणि मोठ्या डॉक्टरांना हाताला धरून घेऊन आली.

त्यांनी मला समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. काचबिंदूचे काही थेंब असे असतात की त्यांच्यातलं औषध हृदयाचे ठोके हळू करणाऱ्या गोळ्यांच्याच जातीचं. डोळ्यातला थेंब डोळ्यातच राहत नाही. तो नाकात उतरतो, घशात उतरतो, म्हणून तर कडू लागतं, आणि तिथून रक्तात. कोपरा दाबायचा तो त्याच्यासाठी. मी दाबला नाही, आणि वरून तिप्पट टाकला. एकीकडून मी थेंबानं हृदयाचा लगाम ओढत होते, दुसरीकडून हे लोक इंजेक्शननं तो ढिला करत होते. बिचारं हृदय कोणाचं ऐकणार?

"पेसमेकर थांबवा," मोठे डॉक्टर म्हणाले. "हे थेंब आजपासून बंद. दोन दिवस पाहू. अन् डोळ्यांच्या डॉक्टरले आत्ताच्या आत्ता बोलवा."

हे पलंगाच्या कडेला बसले. "तीन वर्षं," म्हणाले. "मी तुह्या बाजूले झोपतो वं. मले नाही सांगितलं?" आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागलं. रश्मी नुसती रिळं गोळा करत राहिली.

सेठनी नारळपाण्याचा गडवा स्टुलावर ठेवला. "आराम करा, पुष्पाताई," म्हणाले आणि निघून गेले. मागं वळून पाहिलं नाही. मी म्हटलं, गेलं. बावीस वर्षांचं काम गेलं त्या दाराबाहेर.

अर्धशतक

डोळ्यांच्या डॉक्टरनं यंत्र लावून तपासलं. माझी छाती धडधडत होती, तीही आकड्यात दिसत होती. म्हणाले, "डोळे जागेवर आहेत. इंजेक्शननं जवळचं धूसर होते, उद्यापर्यंत उतरन. तुमच्या काचबिंदूत डोळ्यांतलं पाणी जायची वाट उघडी आहे, म्हणून वाचल्या. काही लोकांची ती वाट अरुंद असते. त्यांना हे औषध दिलं की वाट बंद होऊ शकते, डोळा भयंकर दुखतो, नजरही जाते. जीवावर बेतलं तर आम्ही तरीही देऊच, पण माहीत असलं की डोळ्यावर लक्ष ठेवतो, उपाय तयार ठेवतो. तुम्ही तर आम्हाले आंधळंच ठेवलं."

मी हात जोडले. दुसरं करणार काय?

आणि मग सुरू झाली मजा. थेंब बंद, इंजेक्शनही फक्त गरज पडली तर. माझ्या डोक्याजवळचा आकडा सगळा वॉर्ड बघायला लागला. समोरच्या पलंगावरचे आजोबा दर पंधरा मिनिटांनी विचारायचे, "किती झाले गा?" रक्त काढणारा मुलगा आत येताच आधी यंत्र बघायचा. अडतीस. बेचाळीस. परत चाळीस, सगळ्यांचे चेहरे पडले. मग चव्वेचाळीस. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा पीत होते आणि मंगला ओरडली, "पन्नास!" आजोबांनी पडल्या पडल्या टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. मी कपासकट हात वर केला. कोणत्याही औषधाशिवाय माझं हृदय आपलं आपण चालत होतं!

त्या दुपारी रश्मी माझे केस विंचरत होती. कालपासून ती माझ्याशी हूं की चूं बोलली नव्हती. मी म्हटलं, "रागावली का वं अजून?"

"रागावली नाही आई," ती म्हणाली, "मी घाबरली. तुम्ही गेल्या असत्या अन् मले कधी समजलंच नसतं काहून गेल्या." आणि तिला रडू फुटलं. मलाही गहिवरून आलं, पण मी म्हटलं, "गुंता सोड आधी, केस तुटून राहिले माहे."

तिसऱ्या दिवशी सहासष्ट. पेसमेकरचा कागद अमृता डॉक्टरनं माझ्यासमोर फाडला.

ज्यांना दवाखान्यात जायचं आहे त्यांना

डॉक्टर विचारतात "काही औषध चालू आहे का", तेव्हा फक्त गोळ्या आठवू नका. डोळ्यातले थेंब, नाकात मारायचा फवारा, छातीचा पंप, वैद्याचं चूर्ण, शेजारणीनं दिलेलं चाटण, सगळं त्यांच्यासमोर ओता. शरम वाटली तर जवळच्या माणसाला बाहेर पाठवा, पण डॉक्टरला खोटं सांगू नका.

आणि हे वाचून कोणी आपले थेंब मनानं बंद केले तर मला फार वाईट वाटेल. माझे डोळे तीन वर्षं त्याच थेंबांनी राखले. चूक थेंबांची नव्हती, चूक माझ्या शहाणपणाची. आता मला दुसऱ्या जातीचे थेंब दिले आहेत, रोज एकदाच. रश्मी समोर बसते आणि कोपरा दाबला की नाही ते मास्तरणीसारखं बघते. त्या इंजेक्शनलाही कोणी नावं ठेवू नका. त्यानं मला उभं केलं, खरं बोलायला वेळ मिळवून दिला.

घरी आल्यावर नजरेचा आवाका मोजायची तपासणी झाली. डब्यात डोकं घालायचं आणि दिवा चमकला की बटण दाबायचं. निकाल बघून डॉक्टर म्हणाले, "मधलं तुम्हाले चांगलं दिसते. गेलं आहे ते बाजूचं." म्हणजे सुई दिसते, बाजूनं येणारी गाडी दिसत नाही! तीन वर्षं मी ज्याच्यासाठी मरत होते ते काम सुरक्षित होतं, आणि ज्या स्कूटीवर बसून चोरून थेंब आणायला जात होते, तीच माझ्यासाठी घातक होती. किती वेळा कोण मला वाचवत गेलं असेल देव जाणे. स्कूटी विकली. तेव्हा मात्र फार राग आला, दोन दिवस मी कोणाशी धड बोलले नाही.

परत गादीवर

महिन्यानं मी रश्मीच्या मागं बसून इतवारीत गेले. सेठनी चहा मागवला, तब्येत विचारली, पाण्याचा ग्लास स्वतः हातात दिला. काम दिलं नाही. "आता आराम करायचं वय, पुष्पाताई," म्हणाले.

"सेठ," मी म्हटलं, "डॉक्टर म्हणते मधलं दिसते. तुम्ही नका मानू डॉक्टरचं. पण माहंही नका मानू. एक साडी द्या. गिऱ्हाइकाची नको, तुमच्या घरची द्या. बिघडली तर पाय धरीन अन् परत येणार नाही."

मग दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोची हिरवी रेशमी साडी घरी आली. पदराजवळ तळहाताएवढी फाटलेली, खिळ्यात अडकून. चार दिवस रोज सकाळी मी खिडकीत बसले. तासभर काम, मग डोळे मिटून पडायचं, मग परत. एकही थेंब जास्त टाकला नाही. कधी कधी हात थबकायचा, काय झालं तर, काय झालं तर. मग उभा धागा, आडवा धागा, चालू.

पाचव्या दिवशी गादीवर साडी पसरली. सेठनी चष्मा लावला. दोन सेल्समन आले. दुकानात एक बाई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती, तीही पुढे सरकली. सेठनी पदर उजेडात नेला, उलटा केला, बोट फिरवलं. मी चहाचा कप तसाच धरून त्या बोटामागं पाहत होते.

"सापडलं!" सेठ म्हणाले. "हे पाहा, इथं जरा दाट लागते."

मी वाकून पाहिलं. "ते विणकराचं हाय सेठ, मूळचं. माहं शोधा."

दोन्ही सेल्समन हसले. सेठनी पुन्हा सगळा पदर हातातून घेतला, आणि मग हळूच साडीची घडी घातली. मग बराच वेळ चष्मा पुसत बसले.

ती बाई मात्र उठली. पिशवीतून एक मोतिया रंगाचा शालू काढला आणि सेठकडे न देता सरळ माझ्या मांडीवर ठेवला. "पोरीच्या लग्नात नेसायचा हाय," म्हणाली.

मी म्हटलं, "बाई, मले काचबिंदू हाय बरं. दोन्ही डोळ्यांत."

"ऐकलं ना मी," ती म्हणाली. "शालू केव्हा भेटन?"